फुलदाणीच्या मागे

इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, प्रात्यक्षिकाला मी गेले ती एका कुतूहलापोटी. प्रात्यक्षिक देणारी शिक्षिका फुलदाणीच्या मागे उभी राहते. रचनेचं तोंड प्रेक्षकांकडे, तिच्या वाट्याला नुसती पाठ. जपानीत याला ‘उशिरो-इके’ म्हणतात. जी बाजू लोकांनी पाहायची तीच करणारीला दिसत नाही, तरी ती फांदी लावते, हात काढून घेते आणि पुढची मागते. हे जमतं कसं, ते पाहायचं होतं.

तोक्योतला नोव्हेंबर. सभागृहात बहुतेक बायका, त्यातही पांढऱ्या केसांच्या जास्त. लग्नाआधी मुलीला इकेबाना आणि चहाविधी यायला हवा, अशी एके काळी इथे अपेक्षा असे. त्या काळातल्या मुली आता या खुर्च्यांवर बसल्या असाव्यात. निवेदिका निसर्ग, शांतता, मनाची एकाग्रता असं बरंच काही बोलत होती. मला ते जरा गुळगुळीत वाटलं, कारण स्टेजवर चाललं होतं ते सरळसरळ सुतारकाम. जाड फांदी मुकाट्याने वाकत नाही. तिला करवतीने अर्धवट खाच पाडतात, खाचेत लाकडाची पाचर बसवतात, मग ती हवी तशी वळते. पाचर प्रेक्षकांना दिसू द्यायची नाही. उभट फुलदाणीत फांदी तिरकी टेकून राहते, तीही कुठल्या जादूने नाही: तोंडाशी आत एक काटकी आडवी ठोकून बसवलेली असते, किंवा फांदीचं टोक चिरून त्यात दुसरी काटकी अडकवलेली असते.

शिक्षिकेकडे पाहायला गेलेली मी थोड्या वेळाने तिच्या मदतनिसाकडेच पाहत राहिले. काळी पँट, काळा शर्ट, कमरेला कात्री-करवतीची पिशवी, वय साठीच्या पुढचं. ती गुडघ्यांवर बसलेली. शिक्षिकेचा हात मागे आला की त्यात फांदी पडे, तीही बरोबर धरायच्या टोकाकडून. छाटलेला तुकडा खाली पडला की दुसऱ्या क्षणी उचललेला. टाळ्या झाल्या तेव्हा ती पाण्याची बादली उचलून आत निघून गेली होती.

नंतर मी तिला मागच्या खोलीत गाठलं. ती ओल्या वर्तमानपत्रांत फांद्या गुंडाळत होती. ही सगळी रचना काल एकदा उभी केली होती, ती म्हणाली. मग मोडली, फांद्या क्रमाने लावल्या आणि रात्रभर पाण्यात ठेवल्या. निवेदिका ज्याला उत्स्फूर्त म्हणत होती ते असं आदल्या दिवशीच पाठ झालं होतं. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. पण मग शांततेच्या गप्पा कमी करून बादल्यांबद्दल चार वाक्यं बोलावीत.

प्रेक्षक तर या कलेला पहिल्यापासून लागलेले आहेत. 1462 साली क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातल्या सेंकेई इकेनोबो या भिक्षूने सोन्याच्या फुलदाणीत कित्येक फांद्या रचल्या आणि शहरातले लोक ते पाहायला चढाओढीने आले, अशी नोंद तेव्हाच्या एका भिक्षूच्या रोजनिशीत आहे. बुद्धापुढे वाहायची फुलं तोपर्यंत बघण्याची गोष्ट झालीच होती.

पुढे मी स्वतः वर्गात बसले, ती इकेबानाच्या सोगेत्सू पंथाच्या. सोफू तेशिगाहारा यांनी हा पंथ 1927 मध्ये काढला. पठडी मोडायला निघालेला पंथ म्हणून त्याची ख्याती, पण सुरुवात मात्र पठडीपासूनच. भांड्याचा व्यास आणि उंची यांची बेरीज करा. तिच्या दीडपट पहिली फांदी, ‘शिन’. तिच्या पाऊणपट दुसरी, ‘सोए’. सोएच्या पाऊणपट तिसरी, ‘हिकाए’. व्यास तीस सेंटिमीटर आणि उंची आठ असेल, तर शिन सत्तावन्न, सोए त्रेचाळीस आणि हिकाए बत्तीस. शिन जवळजवळ उभी, सोए पंचेचाळीस अंशांत झुकलेली, हिकाए पंचाहत्तर. बाई टेबलांमधून फिरत आणि एकच सांगत: पाऊण. कुणी काही विचारलं, तरी आधी पाऊण झालं का ते बघत.

त्या दिवशी हिकाएसाठी शेवंती होती. इतर फुलांचे देठ पाण्याखाली कापतात, म्हणजे देठात हवा शिरत नाही आणि पाणी चढतं. शेवंतीला कात्री लावत नाहीत. तिचा देठ पाण्यातच हाताने मोडतात. कट् असा आवाज येतो आणि कडवट, हिरवा वास बोटांना चिकटतो. दसऱ्याच्या तोरणाचा हा वास मला कधीपासून माहीत आहे, पण तो फुलाचाच असं मी धरून चालले होते. देठ हातात घ्यायची वेळच आली नव्हती; आपल्याकडे शेवंती म्हणजे मुंडकं, ओवायचं. इथे अर्धं काम देठाचं.

शेजारणीची रचना मला भरगच्च आणि छान वाटली होती. बाईंनी पुढची तीन फुलं उपसली, दोन पानं खुडली आणि काही न बोलता पुढे गेल्या. उरलं ते खरंच अधिक चांगलं होतं. शेजारीण मात्र उपसलेल्या फुलांकडे बघत राहिली. साहित्याचे पैसे तिनेच भरले होते. वर्ग संपल्यावर प्रत्येकीने आपली रचना मोडली, फुलं कागदात गुंडाळली, फांद्या रोवायच्या बैठकीच्या सुया पुसल्या.

पैशांचं बोलायला हवं. पंथाच्या प्रमुखाला ‘इएमोतो’ म्हणतात आणि हे पद घराण्यात चालतं. सोफूंनंतर मुलगी कासुमी, मग मुलगा हिरोशी (‘वुमन इन द ड्यून्स’ या चित्रपटाचा दिग्दर्शक तो हाच), आणि 2001 पासून हिरोशींची मुलगी आकाने. पायरीपायरीची प्रमाणपत्रं इएमोतोच्या नावाने मिळतात आणि प्रत्येक पायरीला शुल्क असतं. फुलं कुणीही, कशीही लावावीत म्हणणाऱ्या पंथाची ही व्यवस्था मला पटत नाही. शिकवणं मात्र चोख आहे, हे मान्य करावंच लागेल.

तुम्हाला करून बघायचं असेल, तर प्रमाणपत्र राहू द्या. सुयांची बैठक असते ती, केंझान, जड बघून घ्या. हलकी घेतलीत तर पहिल्याच तिरक्या फांदीला ती उलटेल. वाकलेल्या सुया सरळ करायचं छोटं हत्यार मिळतं, तेही घेऊन ठेवा. आणि शेवंती देठासकट मागा, कारण आपल्या बाजारात ती बहुतेक ठिकाणी बिनदेठाची, किलोवर विकतात.