सबवूफर: वायर लावू की वायरलेस घेऊ?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. आजचा प्रश्न जिवतीच्या एका श्रोत्याचा आहे. त्याचा व्हॉइस मेसेज जसाच्या तसा देतो: "भाऊ, होम थिएटर घेऊन रायलो. सबवूफर वायरवाला घेऊ का वायरलेस? बिघडला तर गडचांदूरले न्या लागते."

शेवटचं वाक्य विसरू नका. त्यावर परत येणार आहे.

आधी एक गैरसमज काढू. वायरलेस सबवूफरला वायर असते! डबा हलवायला ताकद लागते, म्हणून त्याला विजेचा प्लग लागतोच. वाचते ती फक्त टीव्ही किंवा रिसीव्हरपासून येणारी सिग्नलची बारीक वायर. म्हणजे जास्तीचे पैसे आपण त्या एका वायरीसाठी मोजतो.

आणि ती वायर लांब हवीच असं कुठाय? साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे आपल्या कानाला नीट कळत नाही. ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, आपल्या खोलीपेक्षाही मोठी. त्यामुळे सबवूफर टीव्हीशेजारी ठेवला काय नि कोपऱ्यात ठेवला काय, डायलॉग टीव्हीतूनच येतोय असं वाटतं. कोपऱ्यात ठेवला तर भिंतींमुळे बेस वाढतो, एवढंच. (घरावर टिनाचे पत्रे असतील तर तेही सोबत वाजतात. त्याला केबल जबाबदार नाही.) टीव्हीशेजारी जागा असेल तर दोन-तीन मीटर वायर पुरते, आणि वायरलेसचा प्रश्नच उरत नाही.

वायर कोणती घ्यायची? दोन्ही टोकांना आरसीए पिन असलेली, जाळीचं कवच असलेली एकच वायर. लाल-पांढऱ्या जोडीतली एक चालते, पण ती बहुतेक वेळा पातळ असते. डिशच्या छत्रीला असते तशी जाड आरजी-६ वायर घेऊन तिला आरसीए पिना बसवून घेतल्या तरी काम उत्तम होतं. दहा मीटरपर्यंत बेसमध्ये ऐकू येईल असा फरक पडत नाही. सोन्याचा मुलामा, 'ऑक्सिजन-फ्री' वगैरे नावांवर हजारो रुपये घालवू नका. दुकानदाराला वाईट वाटलं तरी चालेल.

वायरीची खरी डोकेदुखी वेगळीच: घूंऽऽऽ असा घुमणारा आवाज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे विजेची घरघर नेमकी सबवूफरच्या पट्ट्यातच बसते. छोट्या स्पीकरमध्ये ती लपते, सबवूफर मात्र ती मोठी करून ऐकवतो. कारण बहुतेकदा असं की सबवूफरचं अर्थिंग एका बोर्डवर, टीव्हीचं दुसऱ्यावर, आणि छतावरच्या डिशची वायर तिसरीकडून जोडलेली. या सगळ्यांतून एक फेरा तयार होतो आणि त्यातून वीज फिरते. सेट-टॉप बॉक्समधून डिशची वायर काढून बघा. आवाज थांबला तर चोर सापडला. मग सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. माणिकगडच्या डोंगरासारख्या खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कमजोर पडतं. खड्ड्यात पाणी घाला, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पण घरघर घालवायला तिसरी पिन कापू नका. तसा सल्ला देणारे खूप भेटतात. त्या पिनेवर आपला जीव आहे.

इथे वायरलेसच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्यात सिग्नलची तांब्याची तारच नसल्यामुळे हा फेरा तिथेच तुटतो. बरेच वायरलेस सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथही असतं. शहरातल्या इमारतीत वीस घरांचे राउटर भांडत असतात. जिवतीच्या मोकळ्या वस्तीत एवढी गर्दी नसते. सिग्नल मध्येच तुटण्याची भीती पुण्यापेक्षा तिथे कमीच.

फक्त ब्लूटूथ आणि 'वायरलेस सबवूफर' एक समजू नका. साध्या ब्लूटूथवर आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे राहू शकतो. स्पीकर आधी बोलतात, धमाका नंतर येतो. कंपनीच्या स्वतःच्या वायरलेस जोडणीत हा उशीर साधारण १५-२० मिलिसेकंद असतो. आवाज २० मिलिसेकंदांत जवळपास सात मीटर जातो, म्हणजे सबवूफर सात मीटर मागे ठेवल्यासारखं झालं. साउंडबारमध्ये हे कंपनीने आधीच जुळवलेलं असतं. वेगळा रिसीव्हर असेल तर मेनूत सबवूफरचं अंतर तेवढं वाढवा.

बाजारातल्या स्वस्त २.१ किंवा ५.१ सेटमध्ये अ‍ॅम्प्लिफायर सबवूफरच्या डब्यातच असतो. तिथे प्रश्न फक्त टीव्ही ते डबा एवढाच. सिनेमाला वायर लावा, मोबाइलवरच्या गाण्यांना ब्लूटूथ मस्त चालतं.

आता गडचांदूरची गोष्ट. आरसीए वायर तुटली तर कोणत्याही मोबाइल-टीव्हीच्या दुकानात दुसरी मिळते. साउंडबारसोबतचा वायरलेस सबवूफर मात्र बहुतेक वेळा त्याच मॉडेलच्या बारशी बोलतो. त्याचं रेडिओ मॉड्यूल गेलं आणि मागे केबलचं छिद्र नसलं, तर चांगला डबा फक्त टेबल म्हणून उरतो. म्हणून जिवतीच्या मित्राला माझं उत्तर: वायरवाला घे. टीव्ही आणि सबवूफरच्या मधे दार येत असेल, तरच वायरलेस. आणि तेव्हाही विकत घेण्याआधी डबा उलटा करून मागे आरसीएचं छिद्र आहे का ते बघ.