रंधा न मारता लाकडी जमिनीला तकाकी

जुनी सागवानी किंवा ओकची जमीन निस्तेज झाली की लगेच मशीन लावून तासून काढण्याची घाई करू नका. प्रत्येक तासणीत लाकडाचा थर कायमचा जातो. वर पातळ लाकूड चिकटवलेल्या इंजिनिअर्ड फळ्या तर ती फार वेळा सोसत नाहीत.

आधी जमिनीवर पाण्याचा थेंब टाका आणि काही मिनिटे पाहा. तो तसाच राहिला तर लाकूड शाबूत आहे, झिजलाय तो पॉलिशचा वरचा थर. मग जमीन पुसून कोरडी करा, १५० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा, धूळ पूर्ण टिपा आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा नवा हात द्या. थेंब मुरून लाकूड काळवंडले, तर तिथले पॉलिश उडाले आहे. नुसत्या नव्या हाताने तो डाग झाकला जाणार नाही. मेणाचे पॉलिश असेल तर ते टर्पेंटाइनने आधी काढावेच लागते, कारण मेणावर पीयू धरत नाही. तेल पाजलेल्या जमिनीचे काम सर्वांत सोपे: स्वच्छ करून पुन्हा तेल चोळायचे.

मात्र जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कधीही टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. घराबाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.