खेळाडूचे मोल आणि संघाचे यश



फुटबॉलचा क्लब खेळाडू मिळवण्यासाठी जो पैसा ओततो, त्या मानाने त्याला यश मिळते काय, हा आजचा विषय. जानेफळसारख्या गावी मैदान म्हटले की आधी कबड्डी आठवते, त्यामुळे हा विषय कोणाला दूरचा वाटेल. परंतु दिलेले मोल आणि मिळालेले काम यांचा मेळ बसतो की नाही, हा प्रश्न बैलबाजारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचा आहे. आणि ज्याची हयात पगारपत्रकांवरून मालकांशी वाद घालण्यात गेली, त्या माझ्यासारख्याचा तर तो आहेच.

प्रथम दोन रकमांची फोड करू. समजा, एका खेळाडूचा एका क्लबाशी पाच वर्षांचा करार आहे. दुसऱ्याच वर्षी दुसरा क्लब त्याला मागतो. मुदतीआधी त्याला मोकळे करण्याबद्दल पहिला क्लब जी रक्कम घेतो, ती बदलीची रक्कम. ती जुन्या मालकाकडे जाते. त्यानंतर नवा क्लब खेळाडूला जो देतो, तो पगार. बैलाची किंमत विकणाऱ्याच्या खिशात जाते आणि पेंड-वैरण बैलाच्या पोटात जाते, तसाच हा भेद आहे. वर्तमानपत्रे मोठ्या टायपात छापतात ती पहिली रक्कम. शेत नांगरले जाते ते मात्र दुसरीवर.

आता आपल्या महाराष्ट्रातला दाखला घेऊ. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली. त्या वर्षी मुंबई सिटी संघाने निकोला आनेल्का आणि फ्रेडी युंगबर्ग ही युरोपातली गाजलेली नावे आणली. आठ संघांत मुंबईचा क्रमांक लागला सातवा. पुढल्या वर्षी, जुलै २०१५ मध्ये, निवडक भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला. सर्वांत मोठी बोली मुंबईची : सुनील छेत्रीसाठी १ कोटी २० लाख रुपये. तिच्या खालोखाल एफसी पुणे सिटीची : युजिनसन लिंगडोसाठी १ कोटी ५ लाख. ही लिलावाची बोली होती, बदलीची रक्कम नव्हे. पण एका नावावर मोठी रक्कम लावायची, हा विचार दोन्हींकडे एकच. हंगामाअखेर मुंबई सहावी आणि पुणे सातवे! छेत्री वाईट खेळला असेही नाही. त्या लीगमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा पहिला भारतीय त्याच हंगामात तोच ठरला. जोडीतला एक बैल उत्तम असून भागत नाही. खांदा दोघांचा लागतो. येथे तर अकरा जणांचा लागतो.

पुढे २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी कंपनीने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि पैसा वाढला. पण या वेळी खर्चाची तऱ्हा निराळी होती. २०२० मध्ये क्लबने एफसी गोवाचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना आणले आणि त्यांच्या हाताखाली गोव्यात खेळलेले मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमू आणि मंदार राव देसाई यांनाही आणले. ही मंडळी एकमेकांची चाल ओळखून होती. २०२०-२१ च्या हंगामात मुंबईने साखळीतही पहिला क्रमांक मिळवला आणि अंतिम सामनाही जिंकला. म्हणजे पैसा निरुपयोगी आहे असे नव्हे. तो सुट्या नावांवर उधळला की जुळलेल्या संघावर लावला, हे पाहावे लागते.

दोन-चार उदाहरणांवरून सिद्धांत बांधू नये, असे कोणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी इंग्लंडच्या ४० क्लबांचा १९७८ ते १९९७ या काळातला हिशेब मांडला आहे. क्लबांच्या क्रमांकांत जी तफावत पडते, तिच्यापैकी बदलीच्या खर्चाने केवळ १६ टक्के उलगडते. पगाराच्या खर्चाने ९२ टक्के!

असे का व्हावे? बदलीची रक्कम अनेक गोष्टींवर ठरते : वय किती, कराराची मुदत किती उरली, विकणाऱ्याची नड काय, एखादी स्पर्धा नुकतीच गाजवली काय. ती आशेची किंमत आहे. पगार दर कराराला नव्याने ठरतो, संघातल्या सर्वांना मिळतो, आणि म्हणून खऱ्या कसबाच्या जवळ राहतो. अर्थात कार्यकारण उलटेही वाहते : जिंकणाऱ्या क्लबाकडे पैसा येतो, म्हणून तो पगार अधिक देऊ शकतो. हे ध्यानी ठेवूनही दोन आकड्यांतले अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही.

अलीकडचे दाखलेही तेच सांगतात. पॅरिसच्या क्लबाने २०१७ मध्ये नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले, तो जगातला उच्चांक. युरोपचे अजिंक्यपद मात्र त्या क्लबाला २०२५ मध्ये लाभले. तोवर नेमार, मेस्सी आणि एम्बापे हे तिघेही निघून गेले होते. उलट लेस्टरने स्वस्तातल्या खेळाडूंवर २०१६ मध्ये इंग्लंडची लीग जिंकली आणि मुंबईत घडलेले प्रशिक्षक खालिद जमील यांनी २०१७ मध्ये मिझोरामच्या लहानशा ऐझॉल क्लबाला आय-लीग जिंकून दिली. पण हे अपवाद आहेत. लेस्टर पुढल्याच वर्षी बारावे आले.

माणसाला बैलाची उपमा देणे मला रुचत नाही. परंतु ती फुटबॉलच्या मालकांनीच खरी करून दाखवली होती. इंग्लंडमध्ये करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे, आणि पगाराला आठवड्याला २० पौंडांची मर्यादा होती. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या युनियनने संपाची तयारी केली, तेव्हा १९६१ मध्ये ही मर्यादा उठली. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या दाव्यात १९६३ मध्ये न्यायालयाने ती अडकवणूक अन्यायाची ठरवली. आणि १९९५ मध्ये बोसमन खटल्यात युरोपीय न्यायालयाने ठरवले की मुदत संपलेल्या खेळाडूसाठी, तो युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्यात जात असता, बदलीची रक्कम मागता येणार नाही. जुन्या मालकाला जाणारा पैसा खेळाडूच्या हाती वळवण्याचा मार्ग असा मोकळा झाला.

तेव्हा एखाद्या क्लबाचा खर्च सार्थकी लागला की नाही हे ठरवताना चार गोष्टी पाहाव्यात. खरेदीतून विक्री वजा केली काय? ती रक्कम कराराच्या वर्षांवर वाटली काय? एकूण पगार किती, आणि तो तळच्या खेळाडूपर्यंत पोचतो काय? आणि चौथी, मला सर्वांत मोलाची वाटणारी : मालकाचे मन उडाल्यावर क्लब उभा राहील काय? राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये बंद झाला. लिलावात कोटीची बोली लावणारा पुणे सिटी २०१९ मध्ये मिटला. अशा वेळी ज्याचे नाव मोठे, त्याला दुसरे दार उघडते. राखीव खेळाडू, मालिश करणारा, मैदान राखणारा माळी यांची रोजी मात्र जाते, आणि गुणतक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नसतो.

आपल्या तालुक्यातल्या मंडळांपुढेही हा प्रश्न लहान प्रमाणात येतोच. वर्गणी जमली की एका सामन्यासाठी बाहेरचा नामांकित गडी आणावा, की त्याच पैशात गावच्या पोरांना वर्षभर शिकवणारा माणूस ठेवावा? मोठ्या क्लबांचा हिशेब आपण पाहिला. निर्णय मंडळांनी घ्यायचा आहे.