चालकांची सहल

मराठवाड्याच्या या भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळा अमावास्या म्हणतात. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलून जातात. शेतात पूजा झाली की आंबील, भज्जी आणि उंडे यांचे वनभोजन होते. याच सुमारास, वद्य चतुर्दशीला, लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. यात्रेकरूंसाठी जादा गाड्या सोडाव्या लागतात. मग त्या गाड्या चालविणाऱ्याने आपल्या शेतात आंबील प्यावी कधी? दिवाळीचे आणि आषाढी एकादशीचेही असेच. इतरांचा सण तो चालकाच्या कामाचा दिवस.

एरवीही कोणी पहाटेची पहिली गाडी काढतो, तर कोणी मुक्कामी गाडीबरोबर परगावी रात्र काढतो. एक घरी येतो तेव्हा दुसरा निघालेला असतो. एकाच आगारातील दोन चालकांची भेट पुष्कळदा रस्त्यावरच होते, आणि तीही समोरून जाताना हात उंचावण्याएवढीच!

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली देशात कायदा झाला. सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास काम, मध्ये विश्रांती आणि आठवड्यातून एक सुट्टी, असे त्याने ठरवून दिले. अशा गोष्टी एकट्यादुकट्याने मागून पदरात पडत नाहीत. त्यासाठी संघटना लागते, आणि ती स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या १९व्या कलमाने नागरिकांना दिला आहे. परंतु साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाला निराळ्या वारी मिळते. सर्वांनी मिळून एक दिवस घालवायचा, तर तोही संघटनेलाच जमवून आणावा लागतो.

अशी एक सहल मी कंधारला पाहिली. आलेल्या चालकांत माझा एक जुना विद्यार्थी होता. किल्ला दाखविण्यासाठी त्याने मला बोलाविले होते. गाडी प्रासंगिक कराराने घेतलेली. ती चालवायची कोणी, यासाठी म्हणे चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, कारण त्या दिवशी प्रत्येकाला खिडकीशी बसून प्रवासी व्हायचे होते. तरीही वळण आले की मागे बसलेल्या सर्वांचे उजवे पाय आपोआप दाबले जात, असे त्यांच्या बायकाच हसत सांगत होत्या.

किल्ल्याचा खंदक आणि तट पाहून आम्ही राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागराच्या काठी बसलो. मी इतिहास सांगू लागलो. पण थोड्याच वेळात बोलणे कोणत्या पुलावर पाणी चढते आणि कोणत्या वळणावर गुरे आडवी येतात याकडे वळले. मला राग आला नाही. त्या माहितीवर आपणा सर्वांचे प्राण अवलंबून असतात. मुले पाण्यात खडे फेकीत होती. नवऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या नावांची माणसे बायका प्रथमच पाहत होत्या. भाकरी, भरीत आणि मुद्दाम केलेली आंबील असे जेवण झाले, आणि तेही भर दुपारी, वेळेवर!

जेवणापूर्वीच चार डबे भरून बाजूला ठेवले होते. परतताना गाडी कंधारच्या स्थानकावर थांबली. सायंकाळच्या फेरीवर आलेल्या त्यांच्या एका सोबत्याच्या हाती माझ्या विद्यार्थ्याने त्यातील एक डबा दिला. उरलेले तीन मांडीवर घेऊन तो पुन्हा खिडकीशी जाऊन बसला.