खोट्या मरणाचे खरे हसू

धानाची कापणी उरकते, भाऊबीज पार पडते आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी मंडईचे दिवस सुरू होतात. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात आणि मोकळ्या झालेल्या बांधीत रंगमंच उभा राहतो. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. झाडीपट्टी रंगभूमी म्हणून जी ओळखली जाते, ती हीच. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकप्रकारांच्या अंगाखांद्यावर ती वाढली. दिवाळी ते होळी हा तिचा हंगाम, आणि वडसा म्हणजेच देसाईगंज हे तिचे केंद्र. नाटक मंडळ्यांच्या तारखा तेथे ठरतात व तेथूनच त्यांची वाहने रोज नव्या गावाकडे निघतात.

या नाटकांत मरणे पुष्कळ असतात. सासुरवाशीण मरते तेव्हा प्रेक्षकांतील स्त्रिया पदर डोळ्यांना लावतात. खलनायक मरतो तेव्हा मात्र हशा उसळतो. तो एका घावात मरत नाही. डगमगतो, सावरतो, शेवटचे दोन शब्द म्हणून पुन्हा कोसळतो. आणि आता खरोखर मेला असे वाटते न वाटते तोच एक पाय हलवतो. गाव मनसोक्त हसते. मरणाला हसणारी ही माणसे निर्दय आहेत असे कोणीही म्हणणार नाही. मग हे हसू येते कोठून?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. राम गणेश गडकऱ्यांनी 'एकच प्याला'मध्ये तो आपल्या पद्धतीने सोडविला होता. सिंधूचा शेवट प्रेक्षकाला रडवितो. मरणपंथाला लागलेल्या तळीरामाच्या बिछान्याशी डॉक्टर आणि वैद्य यांची जुंपते तेव्हा तोच प्रेक्षक पोट धरून हसतो. नाटक एक, दारू एक. अश्रू आणि हसू मात्र निराळे. गडकऱ्यांचा अंत १९१९ मध्ये नागपूरजवळील सावनेर येथे झाला आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. पुढे झाडीपट्टीनेही ते आपलेसे केले. २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरविलेले गडचिरोली जिल्ह्यातील कलावंत परशुराम खुणे यांच्या गाजलेल्या भूमिकांत तळीरामाची गणना होते. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे ८०० भूमिका अशी त्यांची कारकीर्द सांगितली जाते. एवढ्या प्रयोगांत किती वेळा मरून उठावे लागले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

नारिंगी धूर

हेच हसू सातासमुद्रापलीकडे एका अगदी वेगळ्या माध्यमात उमटले. अमेरिकेत १९७६ च्या सुमारास विल क्राउदर या संगणकतज्ज्ञाने केंटकीतील मॅमथ गुहांच्या आठवणींवर एक खेळ रचला. १९७७ मध्ये डॉन वुड्स याने तो वाढविला. त्यात चित्रे नव्हती, केवळ शब्द होते. खेळणारा अंधारात खड्ड्यात पडून मेला की संगणक त्याला जिवंत करण्याची तयारी दाखवी आणि नारिंगी धुराच्या लोटातून तो पुन्हा उभा राही. पण वारंवार मरणाऱ्याला शेवटी उत्तर मिळे की, आपल्याजवळचा नारिंगी धूर आता संपला. ब्रह्मदेवाच्या दुकानातील माल संपावा, तसा हा प्रकार.

पुढे या खेळांत चित्रे आली. कॅलिफोर्नियातील सिएरा कंपनीने १९८४ मध्ये रॉबर्टा विल्यम्स यांचा 'किंग्ज क्वेस्ट' बाजारात आणला. १९८६ मध्ये आलेल्या 'स्पेस क्वेस्ट'चा नायक तर अंतराळयानातील एक झाडूवाला होता. आरंभी आज्ञा टंकित कराव्या लागत. नंतर पडद्यावरील वस्तूवर बाण नेऊन माऊसची कळ दाबली की काम होऊ लागले. या 'पॉइंट अँड क्लिक' खेळांत मरण पावलोपावली टपलेले असे. कड्यावरून एक पाऊल पुढे पडले, मरण. नको त्या वस्तूला हात लागला, मरण. प्रत्येक मरणानंतर पडद्यावर एक चौकट येई आणि तीत खेळणाऱ्याच्या शहाणपणावर खवचट शेरा असे. चतुर खेळाडू मुद्दाम मरत असत. कारण हे शेरे वाचण्यातच अर्धी गंमत होती.

या प्रथेविरुद्ध एक बंडही झाले. लुकासफिल्म कंपनीतील रॉन गिल्बर्ट याने १९८९ मध्ये एका लेखात असल्या खेळांचे दोष दाखविले. खेळाडूला मारून शिकविणे ही रचनाकाराची चतुराई नसून उणीव आहे, असा त्याच्या टीकेचा एक रोख होता. १९९० मध्ये त्याचा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' आला. त्यातील नायक गायब्रश कड्यावरून खाली कोसळतो आणि सिएराच्या थाटाची मृत्यूची चौकट पडद्यावर येते. खेळाडू हळहळतो न हळहळतो तोच नायक उसळी मारून पुन्हा वर येतो आणि खाली रबराचे झाड होते, असा खुलासा करतो! प्रतिस्पर्ध्याची इतकी निर्मळ थट्टा व्यापारात क्वचितच आढळते.

याच खेळात नायकाला एका जड मूर्तीला बांधून समुद्रात टाकले जाते. आपण दहा मिनिटे श्वास रोखू शकतो, अशी बढाई त्याने आधीच मारलेली असते. दोर कापण्याजोगी हत्यारे भोवती विखुरलेली, पण हाताच्या पल्ल्याबाहेर. मूर्ती उचलून चालू लागावे, हा साधा उपाय न सुचणारा खेळाडू खरोखर दहा मिनिटे बसून राहिला, तर नायक मरतो. मग 'उघडा', 'उचला' या आज्ञांच्या जागी तरंगणे, फुगणे, कुजणे अशी क्रियापदे झळकतात आणि त्यांच्या शेजारीच युक्त्यांचे पुस्तक मागविण्याची सूचनाही असते.

चुकीचा भाव

ही शेवटची कोपरखळी अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. असल्या कंपन्या उत्तरांच्या पुस्तिका वेगळ्या विकत असत. पैसे मोजून दूरध्वनीवर युक्ती विचारण्याचीही सोय होती. कोडे जितके अवघड आणि मरण जितके अनपेक्षित, तितका पुस्तिकेचा खप अधिक. मरण हा उत्पन्नाचा एक मार्ग झाला होता.

तरीही खेळाडू हसत असे, कारण त्याच्या हाती एक अमोघ साधन होते. खेळाची स्थिती तो जपून ठेवू शकत असे. मेल्यावर जपलेल्या जागेपासून पुन्हा आरंभ. चुकीची किंमत काय, तर चार-दोन मिनिटे. चूक स्वस्त असते तेथे माणूस धाडस करतो, नवे करून पाहतो आणि पडल्यावर स्वतःलाच हसतो. आपल्याकडील मोक्षपट, म्हणजे आजची सापशिडी, हेच शिकविते. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेल्या या खेळात सापाच्या तोंडी गेलेली सोंगटी पटाबाहेर जात नाही. ती खाली येते आणि पुन्हा दान पडण्याची वाट पाहते.

झाडीपट्टीच्या रंगमंचावरही अशी सोय आहेच. तेथे तालमी थोड्या आणि प्रयोग फार. म्हणून पडद्याआड प्रॉम्प्टर असतो. नट अडखळला की तो पुढचे वाक्य पुरवितो. वेगळ्या मोलाने विकत घ्यावे लागत नाही असे हे युक्त्यांचे पुस्तक होय. नटाची चूक त्याच्या एकट्याच्या माथी येत नाही, ती सारी मंडळी सावरून घेते.

मात्र जुन्या खेळांत मरणाहूनही क्रूर असा एक प्रकार होता. आरंभी एखादी क्षुल्लक वस्तू उचलावयाची राहून जाई. खेळ पुढे चालू राही, नायक हिंडे-फिरे; पण तीच वस्तू लागण्याची वेळ कित्येक तासांनी आली म्हणजे कळे की, आपण केव्हाच हरलो आहोत. या प्रकाराला कोणीही हसत नसे. चूक झाली तेव्हा कोणी सांगितले नाही आणि कळली तेव्हा मागे जाण्याची वाट उरली नव्हती.

हा अनुभव वनजिल्ह्यांतील विद्यार्थ्याला ओळखीचा वाटल्यास नवल नाही. सोळाव्या वर्षी माहितीअभावी चुकीची शाखा निवडली, एक अर्ज मुदतीत गेला नाही, एक दाखला वेळेवर मिळाला नाही. आणि ते कळते नोकरीच्या दारात. शहरातील सुखवस्तू घरातील मुलाचे एक वर्ष वाया गेले, तर बाप दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरतो. भूमिहीन मजुराच्या मुलाचे वर्ष गेले, तर त्याचे शिक्षणच जाते. चूक दोघांची सारखी, भाव मात्र निराळा. विषमता केवळ उत्पन्नाच्या आकड्यांत नसते. कोणाला किती वेळा चुकण्याची मुभा आहे, यातही ती असते.

जेथे धूर नाही

आणि या जिल्ह्यांत खरे मरण फार दूर नसते. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात बळी पडल्या; सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तिघी गेल्या. ताडोबाचे जंगल देशोदेशीच्या पर्यटकांना वाघ दाखविते, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु वाघ सीमेच्या खांबापाशी थांबत नाही आणि पुड्यांच्या हिशेबाने मिळणारी मजुरी सोडणे त्या स्त्रीला परवडत नाही. कोणत्या झुडपाआड काय आहे, हे पाहण्यासाठी तिला एकच पाऊल मिळते. त्या पावलाआधीची स्थिती जपून ठेवण्याची सोय नाही.

मृताच्या कुटुंबास शासन मदत देते. २०२३ मध्ये ती २५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. ही मदत आवश्यक आहे, हे वादातीत. पण भरपाई ही मरणानंतरची व्यवस्था होय. ज्या पावलामुळे मरण ओढवते, ते टाकण्याची सक्ती कमी करणे ही त्याआधीची. जंगलाकाठच्या घरी स्वयंपाकाचा गॅस परवडला, तेंदूच्या हंगामात गटागटाने व राखणीसह जाण्याची रीत पडली, वाघाचा वावर वेळीच कळला, की चुकीचा भाव थोडा उतरतो. गडचिरोलीत याची बीजे आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे अनेक ग्रामसभांनी तेंदू-बांबूचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. यातून वाघ दूर झाला असे नव्हे. परंतु जोखीम एकट्याच्या डोक्यावरून समूहाच्या खांद्यावर येऊ शकते, एवढे निश्चित दिसले. प्रॉम्प्टरचे काम ग्रामसभाही करू शकते.

तेव्हा झाडीपट्टीतील प्रेक्षक खलनायकाच्या मरणाला हसतो ते मरणाचे भान नसल्यामुळे नव्हे. खरे मरण आणि खोटे मरण यांतील अंतर त्याच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल. उठून बसणारे मरण त्याला वर्षातून काही रात्रीच भेटते आणि त्या रात्री तो पोटभर हसून घेतो.

फाल्गुनात हंगामाचे शेवटचे प्रयोग होतात, तेव्हा रानात मोहफुले गळू लागलेली असतात. पहाटे पडदा पडतो. रात्री मेलेला खलनायक तोंडाचा रंग पुसून चहाच्या टपरीवर उभा राहतो, कारण संध्याकाळी त्याला दुसऱ्या गावी पुन्हा मरावयाचे असते. नाटक पाहून उठलेल्या बायका घरी जाऊन टोपल्या घेतात आणि उजाडण्यापूर्वीच मोहाच्या झाडांकडे निघतात.