कलेचा दाखला देणारे हे कोण?

व्हिडिओ गेम म्हणजे पोराटोरांचा टाइमपास, त्याला कला कसे म्हणायचे, असा सवाल प्रस्थापित समीक्षक करतात. आमचा सवाल उलटा आहे. कला कोणती आणि कोणती नव्हे, हे ठरविण्याचा मक्ता यांना दिला कोणी?

अमेरिकेतील नामवंत चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० साली जाहीरच करून टाकले की, व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकणार नाही. कारण काय, तर खेळात नियम असतात, गुण असतात, हारजीत असते. कादंबरी काही जिंकता येत नाही. वाचकांचा भडिमार झाला तेव्हा, खेळांचा अनुभव नसताना असे बोलायला नको होते, हे त्यांनी त्याच वर्षी मान्य केले. न वाचताच ‘हे साहित्यच नव्हे’ म्हणणारे आमच्या वाचकांनी पुष्कळ पाहिले आहेत. ईबर्ट यांनी निदान कबूल तरी केले!

२०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘पॅक-मॅन’, ‘टेट्रिस’ यांसह १४ खेळ आपल्या संग्रहात घेतले. पण घेतले ते वास्तुकला व डिझाइन विभागात. खेळ ही कला आहेच, पण आम्ही ते डिझाइन म्हणून घेतो, असा संग्रहालयाचा खुलासा होता. म्हणजे घरात घेतले, पंगत मात्र वेगळी मांडली. तरीही लंडनच्या ‘गार्डियन’मधील कलासमीक्षकाला एवढेही सोसवले नाही.

ईबर्ट यांचा मुद्दा मात्र टाळून चालणार नाही. नियम आणि गुण आले की कला मरते काय? लुकास पोप यांचा २०१३ चा ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ पाहावा. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर तुम्ही कारकून असता. रांगेतील माणसांची कागदपत्रे तपासायची आणि होकाराचा किंवा नकाराचा शिक्का मारायचा, एवढेच काम. पगार माणसामागे मिळतो. दिवसातील पहिल्या दोन चुकांना ताकीद, पुढे दंड. त्या पगारातून घरच्यांचे अन्न, घराची ऊब आणि औषध भागवायचे. चित्रे ओबडधोबड, रंग मळकट. पण सर्वसामान्य माणूस जुलमी व्यवस्थेचा पुर्जा कसा बनतो, हे येथे कोणी सांगत बसत नाही, ते तुमच्याच हातून घडते. सिनेमातील कारकुनाला शिव्या देता येतात. इथे शिक्का आपल्याच हातात असतो, आणि ती सारी धार त्या नियमांतून व त्या हिशेबातूनच येते.

एके दिवशी एक नवरा येतो. त्याची कागदपत्रे बरोबर असतात. मागे बायको उभी आहे, तिच्यावर दया करा, असे तो जाताना विनवतो. बायकोजवळ परवाना नसतो, आणि परत गेली तर मरण. आम्ही खेळलो तेव्हा तिला आत सोडले. त्या दिवसाची ती आमची तिसरी चूक होती. रात्री घर गरम ठेवण्यापुरते पैसे उरले नाहीत.