जखमेत काच? हो, मुद्दाम!

पायात काच घुसली की घरात एकच धावपळ. सुई आणा, बॅटरी धरा, कणभरही आत राहायला नको! पण अशीही एक काच आहे, जी डॉक्टर स्वतःच्या हाताने जखमेत भरतात आणि तिथेच राहू देतात.

तिचा जन्म बसमधल्या गप्पांतून झाला. १९६७ साली फ्लॉरिडा विद्यापीठाचे लॅरी हेंच एका परिषदेला निघाले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला अमेरिकी कर्नल. किरणोत्सर्गात टिकणारे पदार्थ बनवता, मग माणसाच्या शरीरात टिकेल असं काही बनवाल का, असं त्याने विचारलं. हात-पाय गमावणारे सैनिक तो पाहून आला होता.

दोन वर्षांत काच तयार! खिडकीच्या काचेत सिलिका सत्तर टक्क्यांच्या घरात; हिच्यात फक्त ४५. बाकी सोडियम, कॅल्शियम आणि थोडा फॉस्फरस. उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवलेले तुकडे सहा आठवड्यांनी काढायला गेले, तर निघेचनात. काचेवर हाडातल्यासारख्याच खनिजाचा थर चढून दोन्ही एकजीव झाले होते.

विरघळताना ही काच भोवतालचा ओलावा अल्कधर्मी करते. जंतूंना ते मानवत नाही. फिनलंडमधली तिची एक बहीण म्हणूनच जंतुसंसर्ग झालेल्या हाडांत भरतात. दातांच्या झिणझिण्यांवरच्या काही टूथपेस्टमध्येही हिची पूड असते.

मला सर्वांत जास्त मोह पडतो तो मिसुरीतल्या रोला गावच्या काचेचा. तिथे डेलबर्ट डे आणि सहकाऱ्यांनी सिलिकाऐवजी बोरॉनचं ऑक्साइड वापरून काचेचे तंतू काढले. दिसायला थेट जत्रेतले ‘बुढ्ढी के बाल’! पांढरे, भुरभुरीत, केसाहून कितीतरी बारीक. हा कापूस चिमटीने उचलून जखमेत हलकेच दाबायचा. रक्त गोठताना शरीर स्वतः जे तंतूंचं जाळं विणतं, तसंच हे जाळं. नव्या पेशींना चढायला मांडवच. सिलिकाच्या काचेपेक्षा ती लवकर विरघळते आणि विरघळता विरघळता कॅल्शियम, बोरॉन सोडत राहते. नव्या रक्तवाहिन्या फुटायला बोरॉनची मदत होते, असं प्रयोगांत दिसलं आहे.

मधुमेहात पायाची जखम महिनोन्‌महिने चिघळते, कधी पाऊलच कापावं लागतं. ज्यांच्या घरात असं दुखणं आहे, त्यांना या कापसाचं मोल सांगायला नको. अशा हट्टी जखमांवर तो वापरतात. घोड्या-कुत्र्यांच्या जखमांसाठीही त्याचा वेगळा अवतार मिळतो.